पडणाऱ्याची बाजू

गेल्या मे महिन्यात एका रात्री भाचीच्या मुलीचा फोन आला. "आजी, तुझ्या वहीत अकराव्या हाताच्या शेवटी 'सोड' असं लिहिलंय. ते कुणी सोडायचं?" का विचारतेस, असे म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मैत्रिणीचा खांदा दुखावलाय. आम्ही करून बघत होतो."

त्या मुलीचा हात तीन आठवडे गळ्यात होता. हाड मोडले नव्हते, एवढेच नशीब. पण दुखापत माझ्या वहीमुळे झाली होती आणि वहीतले अक्षर माझे होते. निवृत्तीपर्यंत मी ग्रंथालयात काम केले. लिहिलेल्या मजकुराने कुणाचा खांदा दुखावावा, हा अनुभव मात्र पहिलाच. दोन माणसांनी मिळून करायची गोष्ट कागदावर कशी उतरवायची, आपल्याआधी ती कुणी कशी उतरवली आणि माझे नेमके काय चुकले, हे शोधण्याची सुरुवात त्या फोनपासून झाली.

१

वही १९७९ सालची. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर मुलींसाठी लाठी, लेझीम आणि जंबियाचा वर्ग चाले. शिकवणारे मास्तर वयस्कर होते, तालमीत वाढलेले. त्यांनी माझी जोडी एका मुलीशी लावून दिली आणि ती जोडी पुढची चार वर्षे टिकली. आम्हां दोघींची उंची सारखी होती, वजनही साधारण सारखे. चौथ्या वर्षी मास्तर म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे. मी सांगतो, तू लिहून घे." मग रोज दुपारी ओसरीवर बसून त्यांनी जंबियाचे चोवीस हात मला सांगितले. पुढच्या वर्षी ते गेले. वही माझ्याकडेच राहिली.

जंबिया म्हणजे वाकड्या पात्याची, दोन्हीकडून धार असलेली कट्यार. शब्द अरबी आहे; 'जन्ब' म्हणजे बाजू, कूस. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत निजाम, नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड यांच्या पदरी अरब सैनिक असत आणि त्यांच्या कमरेला जंबिया असे. आमच्या हातात होता तो लाकडाचा, कडा घासून गुळगुळीत केलेला. समोरच्याच्या डाव्या कानशिलाकडे येणारा वार तो तमाचा. उलट्या हाताने उजव्या कानशिलाकडे येणारा तो बाहेरा. डोक्यावर येणारा तो शिर. या वारांना पवित्र्याने आणि हाताने द्यायचे उत्तर म्हणजे 'हात'. वार, रोक, पकड, मुरड आणि शेवट, अशी ती साखळी असे.

वहीतला अकरावा हात असा आहे: "तमाचा येईल. डावा पाय मागे. मनगट आतून धर. हात उलटा कर. खाली बस. सोड."

मुलींनी हे वाचले आणि सगळ्या आज्ञा बचाव करणारीला आहेत असे धरले. वाचणारा दुसरे काय धरणार? मराठीतल्या आज्ञार्थाला कर्ता लागत नाही. 'धर', 'बस', 'सोड' म्हटले की समोर जो असेल त्याने ते करायचे. तेव्हा बचाव करणारीने मनगट धरले, हात उलटा केला, ती खाली बसली आणि मग पकड सोडली. तोपर्यंत वार करणारी आपला लाकडी जंबिया घट्ट धरून ताठ उभी होती. मनगट खाली गेले, कोपर वर राहिले आणि सगळा भार खांद्यावर आला.

त्या रविवारी मी माझ्या जुन्या जोडीदारणीकडे गेले. आता आम्ही दोघी पुण्यातच राहतो. तिचा उजवा खांदा गेली दोन वर्षे आखडलेला आहे, त्यामुळे जे काही केले ते डाव्या हाताने, अगदी सावकाश. मी वही वाचून दाखवली. 'सोड'पाशी आल्यावर ती हसायलाच लागली. "अगं, सोडायचं मी! तू कधी सोडलंस? मास्तर तुला धरून ठेवायला सांगायचे आणि मला सोडायला. तू बसायला लागलीस की मी जंबिया टाकायचा, कोपर दुमडायचं आणि तुझ्याबरोबर खाली यायचं. नाहीतर खांदा गेलाच म्हणून समज."

म्हणजे 'सोड' ही आज्ञा तिला होती. शिवाय ती 'खाली बस'च्या नंतरची नव्हती, त्याच्याच बरोबरीची होती. सुरुवातीला आम्ही आलटूनपालटून दोन्ही बाजू करत असू. पुढे वर्गाच्या समारोपाच्या प्रात्यक्षिकासाठी बाजू ठरून गेल्या: वार तिचा, बचाव माझा. मास्तर लिहून देताना दोघींना एकदम सांगत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे आम्ही दोघी उभ्या होतो. मी मात्र एकीचेच लिहीत होते, स्वतःचे.

२

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत डोकावले तेव्हा प्रथम असे दिसले की नावे पुष्कळ टिकतात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या प्रती आहेत, त्यांचा खुराक आहे, मेहनत आहे आणि डावांची नावे आहेत. पण नाव हे ज्याला डाव येतो त्याच्यासाठी असते. ज्याच्या अंगाने तो डाव कधी घेतला नाही, त्याला नुसत्या नावावरून तो उभा करता येत नाही. माझ्या वहीत 'मुरड' आणि 'उलटा' हे शब्द असेच बसले होते.

मग मी चित्रांकडे वळले. युरोपात टिकून राहिलेले शस्त्रविद्येचे सर्वांत जुने सचित्र हस्तलिखित चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराचे आहे. ते इंग्लंडमध्ये लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. विषय तलवार आणि छोटी ढाल. मजकूर लॅटिन, मधूनमधून जर्मन शब्द. त्यात दोनच पात्रे आहेत, पुरोहित आणि शिष्य. मजकूर दर वेळी सांगतो की हे पुरोहिताने केले, यावर शिष्याने हे करावे. कर्ता कुठे गळत नाही. आणि शेवटच्या पानांवर शिष्याच्या जागी अचानक एक बाई येते. तिचे नाव वाल्पुर्गिस. अंगात पायघोळ झगा, हातात तलवार आणि ढाल, समोर पुरोहित. ती कोण, याविषयी हस्तलिखित काही सांगत नाही. मी ते पान जोडीदारणीला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "हिचीही वही कुणीतरी दुसऱ्यानेच लिहिली म्हणायची."

माझ्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळाले ते इटलीत. फिओरे देई लिबेरी हा फ्रिउली प्रांतातला शस्त्रगुरू. १४०९-१० च्या सुमारास त्याने फेरारा येथील एस्ते घराण्याच्या तिसऱ्या निक्कोलोला आपला ग्रंथ अर्पण केला. आज त्याच्या चार हस्तलिखित प्रती ज्ञात आहेत. प्रस्तावनेत तो म्हणतो की ही विद्या मी नेहमी गुप्तपणेच शिकवली. शिकणाऱ्याखेरीज फार तर त्याच्या अगदी जवळच्या नातलगाला तिथे उभे राहता येई. असा माणूस ग्रंथ लिहायला का बसला? कारण त्याचा एक शिष्य, मांतुआचा गालेआत्सो, त्याला म्हणाला की पुस्तकांवाचून या विद्येत कुणी चांगला गुरू किंवा चांगला शिष्य होणार नाही. फिओरेला ते पटले. ही विद्या इतकी लांबरुंद आहे की तिचा चौथा हिस्साही पुस्तकांवाचून ध्यानात राहणार नाही, असे तो स्वतः कबूल करतो. या वेळी त्याच्या पाठीशी चाळीस वर्षांहून अधिक अभ्यास होता.

फिओरेने कर्त्याचा प्रश्न चित्रातच सोडवला. ज्याने वाराला पहिले उत्तर दिले त्याच्या डोक्यावर त्याने मुकुट काढला. त्याच उत्तराचे पुढचे डाव करणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली सोनेरी पट्टा बांधला. त्या डावावर जो तोड काढतो त्याला मुकुटही दिला आणि पट्टाही. तोडीवरही तोड असेल तर तीही याच खुणांनी दाखवली. वर दोन-चार ओळींचा मजकूर असतो आणि तो बोलतो चित्रातला माणूसच: मी असे केले, आता तुझा हात मोडेल. पान कुठलेही उघडा, कोण धरतो आहे आणि कोण धरला गेला आहे, हे डोक्याकडे आणि गुडघ्याकडे पाहिले की कळते.

कट्यारीचा विभाग या ग्रंथात फार मोठा आहे. त्यात नऊ गुरू येतात, म्हणजे नऊ मूळ पकडी, आणि प्रत्येकीखाली तिचे डाव आणि तोडी. कट्यारीचे वारही तो आपल्यासारखेच मोजतो: वरून, उजवीकडून, उलट्या हाताने आणि खालून. तमाचा आणि बाहेरा तिथे दुसऱ्या नावांनी पाहून गंमत वाटली. त्या दोन परंपरांचा संबंध होता असे मला म्हणायचे नाही. माणसाचा खांदा ज्या दिशांना फिरतो त्याच दिशांना वार येणार.

आम्ही गच्चीवर लाकडी पळी घेऊन पहिल्या गुरूची पकड करून पाहिली. वरून वार येतो, बचाव करणारा डाव्या हाताने मनगट धरतो आणि शस्त्र फिरवून काढून घेतो. पाचव्या खेपेला ते जमले. फिओरे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: मौजेची झोंबी वेगळी आणि रागाची, जिवावरची झोंबी वेगळी. दुसऱ्या झोंबीत कुणी कुणासाठी सोडत नाही. म्हणूनच शिकताना कुणीतरी सोडावे लागते, आणि ते कुणी व केव्हा हे लिहून ठेवावे लागते.

३

दुसरा ग्रंथ हॉलंडचा. आम्सटरडॅममध्ये निकोलास पेटर नावाचा एक जर्मन माणूस दारूचा व्यापार करी आणि कुस्ती शिकवी. १६७२ मध्ये तो वारला. १६७४ मध्ये त्याचे पुस्तक छापून निघाले ते त्याच्या विधवा पत्नीच्या पुढाकाराने. चित्रे कोरली रोमेन दे होखे याने. राजकीय चित्रांसाठी गाजलेला त्या काळचा हा मोठा कलावंत. पुस्तकात त्याची ७१ चित्रे आहेत.

या पुस्तकाचे लांबलचक शीर्षकच सांगते की ते कुणासाठी आहे. भांडणात कुणी अंगावर आले, छातीवरचे कापड धरले, ठोसा मारला, तर स्वतःला कसे सांभाळावे. आणि कुणी चाकू काढला तर काय करावे. राजाच्या दरबारी लढणाऱ्यांसाठी हे नाही. रस्त्यावर किंवा गुत्त्यात गाठ पडणाऱ्या नागरिकांसाठी आहे. चित्रांतली माणसे रोजच्या कपड्यांत आहेत. एकाने दुसऱ्याची छाती धरली आहे. पुढच्या चित्रात त्याचे बोट किंवा मनगट मुरडले जाते. त्यापुढच्या चित्रात तो वाकलेला आहे. मग वाकलेलाच सुटकेचा मार्ग काढतो. एकच झटापट चार-पाच चित्रांत पुढे सरकते. चित्रांतली तीच दोन माणसे ओळखू येत राहतात आणि शेवटपर्यंत कुणाचे काय झाले हे सुटत नाही.

पेटरच्या मृत्यूनंतर ही विद्या त्याचा शिष्य रॉबर्ट कोर्स शिकवत आहे, हेही पुस्तकात नोंदवले आहे. मला त्या नोंदीने विचारात पाडले. गुरू गेला, पत्नीने पुस्तक काढले, चित्रकाराने महिनोन्‌महिने खपून ७१ चित्रे कोरली, आणि तरीही वाचकाला सांगितले की शिकायचे असेल तर अमुक माणसाकडे जा. त्यांचा पुस्तकावर विश्वास होता, पण ते कुठे थांबते हेही त्यांना ठाऊक होते. माझी वही देताना मी असे कुणाकडे बोट दाखवले नव्हते. भाचीच्या मुलीने पानांचे फोटो मागितले, मी पाठवून दिले.

४

तिसरे उदाहरण जपानचे. कानो जिगोरो १८७७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू शिकायला लागला. तो विद्यापीठातला विद्यार्थी होता, पुस्तकी सवयीचा. हा डाव नेमका कसा होतो, हात कुठे, पाय कुठे, असे तो विचारी. फुकुदा उत्तरादाखल त्याला आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. कानोने ही आठवण पुढे स्वतःच सांगितली आहे.

पण पुस्तकाची सवय त्याने सोडली नाही. फुकुशिमा नावाचा एक वजनदार सहकारी त्याला काही केल्या आटोपत नव्हता. कानोने आधी सुमोचे डाव पाहिले, ते पुरेनात, तेव्हा ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली. तिथे प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव सापडला. तो त्याने मित्राच्या अंगावर करून करून बसवला आणि मग फुकुशिमाला उचलून टाकले. हाच डाव ज्यूदोत 'काता-गुरुमा' म्हणून आला. ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या मला ही गोष्ट फार आवडते. तिच्यातला मित्र विसरू नये. पान आणि फुकुशिमा यांच्यामध्ये एक मित्र कितीतरी वेळा जमिनीवर पडला, म्हणून तो डाव उभा राहिला.

१८७९ मध्ये फुकुदा वारले आणि त्यांच्याकडची हस्तलिखिते घरच्या लोकांनी कानोच्या हाती दिली. १८८२ मध्ये एका मंदिरातल्या बारा चटयांच्या जागेत त्याने कोदोकान सुरू केले. पुढे ज्यूदोचे जोडीचे साचे, म्हणजे 'काता', ठरवताना त्याने दोन्ही बाजूंना कायमची नावे ठेवली. डाव करणारा तो 'तोरी', डाव अंगावर घेणारा तो 'उके'. 'नागे-नो-काता'त पंधरा फेकी आहेत, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. त्यांत उकेने कुठल्या पायाने पुढे यायचे, कुठे धरायचे, कसे पडायचे, हे सगळे तोरीइतकेच काटेकोर ठरलेले आहे. स्वसंरक्षणाचा 'किमे-नो-काता' वीस डावांचा. आठ गुडघ्यांवर बसून, बारा उभ्याने. १९०६ मध्ये क्योतो येथे निरनिराळ्या घराण्यांचे गुरू कानोच्या अध्यक्षतेखाली जमले, तेव्हा त्यांनी जोडीचे साचे सर्वांसाठी एकसारखे केले. १९५६ मध्ये कोदोकानने नवा स्वसंरक्षणाचा साचा आणला. त्यात एकवीस डाव आहेत: बारा नि:शस्त्र हल्ल्याविरुद्ध आणि नऊ कट्यार, काठी, पिस्तूल यांच्याविरुद्ध. इथेही प्रत्येक डावाला उके आहे.

ज्यूदो शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते पडणे. त्याला 'उकेमी' म्हणतात. जपानच्या अनेक जुन्या घराण्यांत जोडीच्या सरावात हरणारी बाजू ज्येष्ठाने घ्यायची असते, कारण वार कधी खरा द्यायचा आणि कधी आवरायचा हे त्याला कळते. कानोच्या 'कोशिकी-नो-काता'चे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात कानो डाव करतो आणि यामाशिता योशित्सुगु पडतो. यामाशिता म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ज्यूदो शिकवणारा, आणि ज्यूदोत दहावा दान मिळालेला पहिला माणूस. इतक्या थोर माणसाचे पडणे पाहण्यासाठी मी ते चित्रीकरण दोन-तीनदा पाहिले. कानोचे हात फार थोडे हलतात. बाकीचे यामाशिता करतो.

५

मराठीत या नोंदीचे काम झालेच नाही असे नाही. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. लाठी, फरीगदगा, जंबिया अशा जोडीच्या खेळांची तिथे दखल आहे. एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले एवढे मोठे काम आपल्या भाषेत आहे, हे तालमीत जाणाऱ्या मुलामुलींना कुणी सांगत नाही. कोशाला सगळ्या विद्येचा पसारा मांडायचा असतो. एका मास्तरांचे चोवीस हात लिहिणे हे त्यांच्या शिष्यांचेच काम होते.

ते आम्ही जूनपासून पुन्हा करायला घेतले. नवी वही आडवी धरली आणि प्रत्येक पानावर दोन रकाने पाडले. डावीकडे बचाव, उजवीकडे वार. एका ओळीत जे येईल ते एकाच क्षणी घडते. डावा रकाना मी लिहिते. उजवा ती सांगते. आधी मी तिचाही रकाना आठवणीने भरत होते. दोन पाने झाल्यावर तिने पेन काढून घेतले. "माझं मला लिहू दे. मी कशी पडले ते तुला कसं ठाऊक असणार?"

ज्या मुलीचा खांदा दुखावला होता तिच्या आईला मी भेटायला गेले, चूक माझी होती हे सांगितले. आई फारसे बोलल्या नाहीत. पण हात बरा झाल्यावर मुलगी आपणहून आली. आता रविवारी सकाळी आम्ही चौघी गच्चीवर असतो. जुन्या सतरंज्या दोन पदरी अंथरतो. पहिले तीन रविवार दोघी मुली फक्त पडायला शिकल्या. त्यानंतर अकरावा हात घेतला. वार त्याच मुलीने करायचा असे तिनेच ठरवले.

'सोड' नेमके केव्हा, यावर माझ्या जोडीदारणीचे उत्तर होते, "तू बसायला लागलीस की." पण हल्ला करणारीला समोरचीचे बसणे दिसत नाही, तिचे तोंड तोवर फिरलेले असते. दहा-बारा वेळा सावकाश केल्यावर ती मुलगी म्हणाली, "आजी, माझी उजवी टाच उचलली जाते ना, तेव्हा सोडायचं. ते मला आतून कळतं." माझ्या जोडीदारणीने डोळे मिटून डाव्या हाताने हवेत वार केला, थोडी वळली, आणि मान हलवली. टाच. मास्तरांनी हे सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मला नाही, तिला. तीही ते विसरून गेली होती.

नव्या वहीत अकराव्या हाताच्या उजव्या रकान्यात आता असे आहे: "उजवी टाच उचलली की जंबिया टाक, कोपर दुमड, तिच्याबरोबर खाली ये, हनुवटी छातीला." डाव्या रकान्यात त्याच ओळीत: "बस. मनगट धरून ठेव. तिचा जंबिया पडल्याचा आवाज ऐक; नाही ऐकू आला तर तिथेच थांब."

चोवीसपैकी एकोणीस हात झाले आहेत. उरलेल्या पाच हातांत वार करणारीने काय करायचे हे आम्हां दोघींनाही आठवत नाही. माझी बाजू जुन्या वहीतून उतरवून घेतली आहे. त्या पाच पानांचा उजवा रकाना कोरा ठेवला आहे, आणि वर लाल शाईने लिहिले आहे: करून पाहू नये.